उपटू नका, चुंबळ करा

स्लॅबमधून वर आलेल्या सळईवर गवंडी पडतो. ऊस तोडताना कोयता निसटतो आणि शेजारच्या बाईच्या पोटरीत रुतून बसतो. दाराची काच फुटून तिचा लांबट तुकडा दंडात घुसतो. रिक्षाला करकचून ब्रेक लागतो आणि पोराच्या तोंडातली पेन्सिल गालातून बाहेर येते. प्रसंग निरनिराळे असले तरी जमलेल्या माणसांचे हात एकाच कामाला धावतात. एकजण म्हणतो, ‘आधी ते काढा’. दुसरा जखमीचं तोंड पलीकडे फिरवतो. तिसरा डोळे मिटून ओढतो.

हा लेख त्या तिसऱ्या माणसासाठी आहे.

त्याची दानत चांगलीच असते. काटा रुतला की काढायचा, हे आपण चालायला लागल्यापासून शिकलेलो असतो. सिनेमानं त्यात भर घातली. नायक दातांत कापड धरतो, खांद्यातला बाण उपटतो, जखमेवर दारू ओततो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावर असतो. पण बोटातला काटा आणि पोटातली सळई यांत फरक फक्त जाडीचा नाही. आत शिरताना ती वस्तू रक्तवाहिन्या फाडते आणि बऱ्याचदा त्यांच्याच तोंडाशी बुचासारखी अडकून बसते. चहूबाजूंनी मांस तिच्यावर दाबलेलं असतं, भोवती रक्त गोठू लागलेलं असतं. ती ओढली की बूच निघालं. शिवाय सळईचे पीळ, काचेची कड, लाकडाच्या फाटलेल्या चोया बाहेर येताना दुसऱ्यांदा कापत येतात. आणि वस्तू आत किती खोल गेली आहे, कुठल्या दिशेला वळली आहे, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. डॉक्टरांनाही नाही, म्हणून तर ते आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात, रक्ताची सोय करतात आणि मग शस्त्रक्रियागृहात हात लावतात.

बाहेर रक्त दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पोटात, छातीत किंवा मांडीत लिटरभर रक्त साठलं तरी कपड्यावर डाग रुपयाएवढाच असू शकतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, २० किलोच्या पोराच्या अंगात दीड लिटरच्या आसपास. त्यामुळे मोठ्यांच्या नजरेला ‘थोडंसंच गेलं’ असं वाटणारं रक्त पोरासाठी थोडं नसतं.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात तळ्याच्या धक्क्यावरून बोटीकडे चालली होती. लुइजी लुकेनी नावाच्या माणसानं टोक काढलेली बारीक कानस तिच्या छातीत खुपसली आणि तो ती घेऊन पळाला. तिला वाटलं, कुणीतरी ठोसा मारला. ती उठली, चालत बोटीवर गेली आणि तिथं कोसळली. थोड्याच वेळात गेली. वर जखम इवलीशी होती, आत हृदयाला भोक पडलं होतं. तिथं कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण जखमी बोलतोय, चालतोय, त्यावरून आतल्या गोष्टीचा अंदाज बांधता येत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

आपल्याकडे शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधन बाण काढणारे निष्णात वैद्य घेऊन आला आणि भीष्मांनी त्यांना मानानं परत पाठवलं, असं महाभारतात आहे. त्यांची कारणं अर्थात वेगळी होती.

हात लावण्याआधी

पहिली दहा सेकंदं नुसतं बघण्यात घालवा. माणूस सळईवर पडला असेल तर वरून वीजवाहिनी लोंबतेय का, खालची माती ढासळतेय का, मचाण हलतंय का. गाडी असेल तर इंजिन बंद आहे का. भांडणात चाकू बसला असेल तर मारणारा अजून तिथंच आहे का. तुम्ही स्वतः पडलात तर रुग्णवाहिकेला दोन जखमी उचलावे लागतात.

मग फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून आणि गोव्यात २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. ११२ हा देशभरासाठीचा एक क्रमांक. ‘अपघात झालाय, लवकर या’ एवढं ओरडून फोन ठेवू नका. असं सांगा : ‘अमुक चौकात, अमुक बँकेच्या मागच्या साइटवर, माणूस पहिल्या मजल्यावरून पडलाय, मांडीत सळई घुसलीय, सळई जमिनीत पक्की आहे, कापल्याशिवाय उचलता येणार नाही, माणूस शुद्धीवर आहे.’ या एका वाक्यावर पलीकडचा माणूस ठरवू शकतो की नुसती रुग्णवाहिका पाठवायची की अग्निशमन दलालाही उठवायचं. वस्तू अडकलेली असेल तर १०१ ला तुम्हीही वेगळा फोन करा. फोन स्पीकरवर ठेवा आणि एका माणसाला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा. आपल्या गल्लीबोळांत पत्ता सापडेपर्यंत जाणारी मिनिटं ही जखमेतून जाणाऱ्या रक्ताइतकीच महाग असतात, आणि ती वाचवायला कुठलंही प्रशिक्षण लागत नाही.

जखमीशी बोलणं तिसरं काम, आणि ते फार लोक विसरतात. दहा माणसं भोवती उभी राहून एकमेकांशी बोलतात, त्याच्याशी कुणीच नाही. वेदनेनं आणि भीतीनं जखमीचाच हात त्या वस्तूकडे जातो. तोच ओढून काढायला बघतो. म्हणून त्याच्या डोक्याशी एक माणूस बसवा, त्यानं जखमीचा हात हातात धरून ठेवावा. ‘बघू नका इकडे, मी आहे. हे आत्ता काढायचं नाही, दवाखान्यातच काढायचं. हलू नका.’ पोर असेल तर आईला किंवा आजीला डोक्याशी बसवा, पण तिला काय करायचं ते आधी सांगा, नाहीतर माऊलीच ते ओढून टाकेल.

चुंबळ

आता हातांचं काम. रिकामा हात ओढायला जातो, म्हणून त्याला दुसरं काम द्यायचं. हातमोजे असतील तर घाला; नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवा. जखमेच्या आजूबाजूचे कपडे कात्रीनं कापा, ओढून काढू नका. वस्तूत अडकलेलं कापड तसंच राहू द्या. रक्त वाहत असेल तर वस्तूच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवून जखमेच्या कडा एकमेकींकडे आणि खाली दाबा. वस्तूवर दाब पडता कामा नये. काच असेल तर तिच्या कडेनं स्वतःचा हात कापून घेऊ नका.

दाबून धरलेलं असताना दुसऱ्यानं चुंबळ करावी. डोक्यावर हंडा ठेवायला बायका लुगड्याच्या पदराची किंवा फडक्याची करायच्या तीच. त्या वेळी हंडा हलू नये म्हणून, इथं घुसलेली वस्तू हलू नये म्हणून. ओढणी, पंचा, टॉवेल, मोठा रुमाल, काहीही चालेल, धुतलेलं असलं म्हणजे झालं. कापडाला पीळ देऊन जाड दोरासारखं करा. वस्तू छोटी असेल, म्हणजे कातडीच्या वर बोटभरच असेल, तर त्या पिळाचं वेटोळं आधी हातावर करून घ्या, टोकं आत खोचा आणि वरून अलगद उतरवा, की वस्तू बरोबर मधल्या भोकात येईल. वेटोळ्याची उंची वस्तूपेक्षा थोडी जास्त हवी. मग वरून पट्टी फिरवली तरी तिचा भार चुंबळीवर पडतो, वस्तूवर नाही.

वस्तू लांब असेल तर वेटोळं वरून घालायच्या भानगडीत पडू नका. हातभर सळईवरून ते खाली आणताना सळईला धक्का लागणारच. त्याऐवजी पिळलेलं कापड सुटंच ठेवा आणि वस्तूच्या बुडाशी बाजूनं गुंडाळा. त्याच्या दोन्ही अंगांना आणखी दोन गुंडाळ्या लावा; जाड पायमोज्यांच्या, उशीच्या अभ्र्याच्या, काहीच नसेल तर गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या. पहिल्या कापडातून रक्त आलं तर ते काढून बघू नका. त्यावरच दुसरं ठेवा आणि दाब वाढवा.

बांधताना पट्टी वस्तूच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला तिरकी फिरवत न्यायची. वस्तूच्या डोक्यावरून कधीच नाही. पट्टी आखडली की बोटं बघा. नखं निळी पडली, बोटं गार झाली, मुंग्या यायला लागल्या तर थोडी सैल करा. हाता-पायाला फळी, छत्री किंवा जाड पुठ्ठा लावून तो भाग जखडून टाका, म्हणजे उचलताना तो वाकणार नाही. वस्तू छातीत असेल आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलताना दिसली तर ती जाम करायचा हट्ट धरू नका. बाजूंनी सैलसर आधार पुरे.

हे सगळं वाचताना सोपं वाटतं. घरी एकदा चमचा उशीत उभा खुपसून त्याला चुंबळ बांधून बघा. पट्टी किती निसटते ते कळेल. पाच मिनिटांचा खेळ आहे, मुलांनाही आवडतो.

दाबूनही हाता-पायाचं रक्त थांबत नसेल, उसळ्या मारत येत असेल, कापडांवर कापडं भिजत असतील, तर मात्र टूर्निकेट. जखमेच्या वर, म्हणजे जखम आणि धड यांच्यामध्ये, जखमेपासून तीन-चार बोटं अंतर सोडून. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. ओढणीची तीन बोटं रुंद घडी करून गाठ मारा, गाठीवर काठी किंवा लाटणं ठेवा, वर दुसरी गाठ मारा आणि रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. मग काठी बांधून टाका. नाडी, सुतळी, वायर वापरू नका. बारीक दोरी रक्त न थांबवता मांस कापते. नीट बसलेल्या टूर्निकेटनं जखमी कळवळतो, आणि त्याला दया दाखवून ते सैल केलं की गेलेलं रक्त फुकट गेलं. दर दहा मिनिटांनी सोडायचं हा जुना सल्ला आता विसरायचा. बांधल्याची वेळ पेनानं त्याच्या कपाळावर किंवा हातावर लिहा. ते सोडायचं काम दवाखान्याचं.

जागा बदलली की रीतही थोडी बदलते

छातीत काही घुसलं असेल आणि श्वास घ्यायला जड जात असेल तर जखमीला पाठीशी उशा देऊन अर्धवट बसवा. वस्तू आधीच निघाली असेल आणि भोकातून हवेचा फुसफुस आवाज येत असेल तर ते भोक प्लास्टिक चिकटवून घट्ट बंद करू नका. आत हवा कोंडून फुप्फुस दबतं. उघडंच राहू द्या, रक्त येत असेल तेवढं कापडानं टिपत दाबा.

पोटात असेल तर पाठीवर झोपवा, जमत असेल तर गुडघे दुमडा, त्यानं पोटाचा ताण उतरतो. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही. स्वच्छ ओलं कापड आणि त्यावर प्लास्टिक. पाणी मात्र कुणालाही नाही, कितीही मागितलं तरी. रक्त गेलेल्या माणसाला तहान लागतेच. भूल देताना पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ओठ ओले करा, एवढंच. आपल्याकडे ‘घोटभर पाजा हो’ म्हणणारी एक आजी प्रत्येक घोळक्यात असते. तिला पदरानं वारा घालायचं काम द्या.

मानेत असेल तर हालचाल शून्य आणि गळ्याभोवती पट्टी नाही. डोक्यात असेल तर जखमेखालच्या हाडावर दाब नाही.

डोळ्याचं जरा सविस्तर. दिवाळीत फटाक्याची काडी, एरवी पेन्सिल, तार, हातोडीखालून उडालेली लोखंडाची कपची. बुबुळावर धूळ बसली तर पाण्यानं धुतात, पण काही रुतलं असेल तर पाणी नाही, थेंब नाहीत, चोळणं तर नाहीच. डोळा म्हणजे आतून द्रव भरलेला गोळा. बाहेरून थोडा दाब दिला तरी आतलं बाहेर येतं. चहाचा कागदी कप घ्या आणि असा उपडा ठेवा की त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला काहीच लागणार नाही. वस्तू लांब असेल तर कपाचं बूड कापा. चिकटपट्टीनं कप लावून टाका. दोन्ही डोळे एकत्र फिरतात, म्हणून दुसरा डोळाही मिटायला सांगावा हे बरोबर. पण घाबरलेल्या पोराला दोन्हीकडून अंधार केला तर ते थयथयाट करतं आणि सगळं मुसळ केरात. त्याचा चांगला डोळा उघडा राहू द्या आणि समोरच्या एकाच गोष्टीकडे बघायला लावा. डोकं थोडं वर ठेवून जवळच्या नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या.

न काढण्याच्या नियमाला अपवाद दोनच. पहिला गाल. पेन्सिल किंवा लोखंडी काडी गालातून तोंडात आली, रक्त घशात उतरतंय, श्वास अडकतोय आणि वस्तूची दोन्ही टोकं तुम्हाला स्पष्ट दिसत आहेत, अशा वेळी ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं सरळ मागे काढता येते. लगेच गालाला आतून आणि बाहेरून कापड दाबा, डोकं पुढे झुकवा, रक्त थुंकू द्या. आतलं कापड घशात जाणार नाही एवढं मोठं हवं. श्वास व्यवस्थित चालू असेल तर गालातलीही वस्तू काढायची नाही. दुसरी वेळ अशी की माणसाचा श्वास थांबला आहे आणि छातीवर दाब देण्याच्या जागीच वस्तू आहे. तो निर्णय एकट्यानं न घेता १०८ च्या फोनवर विचारून घ्या.

माणूसच अडकलेला असतो तेव्हा

सोसायटीच्या फाटकावर भाल्यासारखी टोकं बसवायची आपल्याकडे भारी हौस आहे. चेंडू पलीकडे गेला, फाटकाला कुलूप, मग पोर वर चढतं, चप्पल घसरते आणि टोक मांडीत किंवा काखेत शिरतं. पोर तिथंच लटकतं. अशा वेळी चार जणांनी मिळून त्याला वर उचलून ‘सोडवणं’ हीसुद्धा ओढून काढण्याचीच दुसरी तऱ्हा आहे.

करायचं ते असं. पोराचं वजन टोकावरून काढून आपल्या अंगावर घ्यायचं, पण टोकावरून बाहेर काढायचं नाही. दोघांनी खालून मांड्या आणि पाठ तोलून धरायची. तिसऱ्यानं टेबल, ड्रम, वर दुमडलेल्या गाद्या आणून खाली आधार उभा करायचा; हात दहा मिनिटांत भरून येतात, आधार भरून येत नाही. पोर आहे त्याच स्थितीत राहिलं पाहिजे, सरळ करायचा आग्रह नको. अग्निशमन दल फाटकाचं तेवढं टोक कापून देतं आणि पोर टोकासकट रुग्णालयात जातं. ऐकायला विचित्र वाटतं, पण शस्त्रक्रियागृहात असे तुकडे घेऊन येणारे जखमी डॉक्टरांना नवे नाहीत.

साइटवर ग्राइंडर असतो, तो चालवणारा हुशार पोरगाही असतो, आणि त्याला मदत करायची घाई असते. दलाची गाडी येण्यासारखी असेल तर त्याला थांबवा. ग्राइंडरनं सळई थरथरते, ती थरथर आत पोचते, सळई तापते, तो ताप आत पोचतो, ठिणग्या उडतात. गॅस कटर तर नकोच. दलाकडे हायड्रॉलिक कटर असतात, त्यांनी हे त्रास बरेच कमी होतात. अगदीच आडगावी, कुणी येण्याची आशा नसताना कापावंच लागलं तर सळई अंगाच्या बाजूला दोघांनी घट्ट धरावी, तिथं ओलं फडकं गुंडाळून पाणी सोडत राहावं, जखमीवर ओली चादर टाकावी आणि दोन वीत तरी सळई बाहेर ठेवून कापावी. सर्जनला पकडायला ती लागते. आग, पुराचं पाणी किंवा ढासळणारी दरड अंगावर येत असेल, तर अर्थात आधी माणूस हलवायचा, मग बाकीचं.

गाडी, पोलीस आणि दवाखाना

वाट बघताना जखमी पांढराफटक पडू लागला, अंगाला गार घाम सुटला, श्वास भरभर झाला, बोलणं असंबद्ध झालं, तर आत रक्त जातंय असं समजा. सपाट झोपवा, अंगावर चादर किंवा गोधडी घाला. मे महिन्यातही घाला. अंग गार पडलं की रक्त गोठायचं मंदावतं. स्वतःच्या गाडीनं न्यायची वेळ आली तर जीप किंवा टेम्पो बघा, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. आणि वाटेतल्या छोट्या दवाखान्यात ‘निदान काढून तरी घेऊ’ म्हणून थांबू नका. शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय जिथं आहे तिथंच जा.

पोलिसांच्या लफड्याची भीती अजून आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, कायदेशीर सोपस्कारांआधी जीव वाचवण्याचे उपचार. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. नाव-गाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. मारहाणीत चाकू घुसला असेल तर तो न काढण्याला आणखी एक कारण मिळतं : मुठीवरचे ठसे.

दवाखान्यात सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. किती वाजता झालं. वस्तू कसली आणि तुटून उरलेला भाग कुठं आहे. तो पिशवीत घालून न्या, त्यावरून आत किती आहे ते कळतं. शेवटचं खाणं कधी. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का. कापड घालताना वस्तू हलली असेल किंवा कुणी आधी ओढून पाहिली असेल तर तेही न लाजता सांगा.

आता छोट्या गोष्टी, कारण रोज घडतात त्या ह्याच. बोटातलं कुसळ, कातडीखाली आडवा गेलेला काटा, टोक दिसत असेल तर साबणानं धुऊन चिमट्यानं, ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं उलटा ओढून काढावा. सुईनं उकरत बसू नये. मासे पकडायच्या गळाला टोकाशी मागे वळलेली अणी असते, सरळ ओढला तर ती मांस घेऊन येते. तेव्हा दोरा कापा, गळ चिकटपट्टीनं दाबून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळ असेल तर तिथं बोटही लावू नका. कोकणात आणि गोव्यात उथळ पाण्यात पाकटाचा काटा पायात बसतो. तो दातेरी आणि विषारी असतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, पाय अर्धा-पाऊण तास ठेवला की कळ बरीच उतरते. पाणी आधी दुखऱ्या पायाला नाही, आपल्या हाताला लावून बघावं. काटा पोटात, छातीत किंवा मानेत असेल तर वर सांगितलेलेच नियम.

खिळा पायात घुसतो तो बहुधा चपलेतून, फळीसकट. फळीवर पाय देऊन झटक्यात उपसायची आपली जुनी रीत. खिळा बोटभरच असेल आणि आपोआप निघाला असेल तर जखम वाहत्या पाण्यानं भरपूर धुवा. हळद, चुना, चहापूड, विडीची राख, काही भरू नका. दगडीपाल्याचा रस खरचटल्यावर लावणारे लावोत, पण भोक पडलेल्या जखमेच्या तोंडावर चोथा बसवला की घाण आतच कोंडते. रबरी तळव्याच्या बुटातून खिळा गेला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्या ओलसर तळव्यात राहणारे जंतू हाडापर्यंत जाऊन बसतात आणि त्यांची प्रतिजैविकं वेगळी असतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन खिळा गंजका होता म्हणून नसतं, जखम खोल आणि मातीची आहे म्हणून असतं. चकचकीत नव्या खिळ्यालाही ते लागू पडतं. लहानपणचे डोस पुरे झालेले असतील आणि शेवटचा डोस ५ वर्षांच्या आत असेल तर पुन्हा लागत नाही. आठवत नसेल तर घ्या. पूर्वी ज्याला टीटी म्हणायचे त्याच्या जागी आता सरकारी दवाखान्यात धनुर्वात आणि घटसर्प अशा दोन्हींची टीडी देतात.

लाकडाचा तुकडा किंवा काट्याचं टोक साध्या एक्स-रेवर सहसा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका. जखम वरून भरली, पंधरवड्यानं तिथंच टणक गाठ आली, पू आला किंवा गुडघ्यापाशी बाभळीचा काटा मोडल्यानंतर सांधा सुजून राहिला, तर आत काही राहिलं असावं असं स्वतःहून बोला आणि त्या जागेची सोनोग्राफी करायची का, ते विचारा.